ऊन, पोट आणि ड जीवनसत्त्व

(विहाराच्या वर्धापनदिनी कळंब येथे झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनी आरोग्यावर दोन शब्द बोला, असं समितीनं सांगितलं तेव्हा विषय शोधायला आम्हाला फार दूर जावं लागलं नाही. हल्ली कोणत्याही तालुक्याच्या गावी आरोग्य शिबिर लावा, दोन तक्रारी जोडीनं येतात. पहिली म्हणजे, "वजन वाढलं, पोट सुटलं, शुगर काठावर आली." आणि दुसरी, "रिपोर्टमधे ड जीवनसत्त्व कमी निघालं." बहुतेक वेळा या दोन्ही तक्रारी एकाच माणसाच्या असतात. मग तो हातातला कागद पुढं करून विचारतो, "डॉक्टर, ड कमी झालं म्हणून वजन वाढलं का? ड ची पुडी घेतली तर शुगर उतरेल का?"

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आम्ही आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकायला सोपं जाईल. ड जीवनसत्त्व शरीराला हवंच, आणि कमी असेल तर ते भरून काढलंच पाहिजे. पण लठ्ठ माणसात ड कमी असणं हे बहुतांशी लठ्ठपणाचं कारण नसून त्याचा परिणाम आहे. पुडीनं रिपोर्टमधला आकडा सुधारतो, पोट मात्र तिथंच राहतं. आणि खरा धोका पोटात आहे. आज आमचं सांगणं एवढंच आहे. हे असं का, ते आता क्रमाने पाहू.

ड जीवनसत्त्व म्हणजे काय?

जीवनसत्त्व म्हटलं की ते अन्नातून मिळतं, अशी आपली समजूत. ड चं तसं नाही. ते मुख्यतः आपल्या कातडीत तयार होतं. कातडीत कोलेस्टेरॉलच्या जातीचा एक पदार्थ असतो. उन्हातले अतिनील किरण त्यावर पडले की त्याचं ड जीवनसत्त्व बनतं. ते रक्तातून यकृतात जातं, तिथं त्याचं एक रूप बदलतं. रक्ताच्या तपासणीत मोजतात ते हेच रूप. पुढे मूत्रपिंडात त्यावर आणखी एक प्रक्रिया होते आणि मग ते कामाला लागतं. आतड्यातून कॅल्शियम शोषून घेणं आणि हाडांना पुरवणं, हे त्याचं मुख्य काम. ते कमी पडलं तर लहान मुलांना मुडदूस होतो, पाय वाकतात. मोठ्या माणसांची हाडं मऊ पडतात, अंग ठणकतं, मांड्यांतली ताकद जाते. उकिडवं बसलेली बाई जमिनीला हात टेकल्याशिवाय उठू शकत नाही. स्नायूंना ड लागतं, आणि इन्सुलिन बनवणाऱ्या स्वादुपिंडाच्या पेशींवरही ड चा निरोप घेणारी जागा असते. म्हणूनच ड आणि मधुमेह यांचा संबंध शास्त्रज्ञांनी तपासायला घेतला.

उन्हाचा आणि हाडांचा संबंध दाखवणारा एक जुना दाखला आपल्याच महाराष्ट्रातला आहे. १९२२ च्या सुमारास हचिसन आणि शाह या दोघांनी नाशिक भागात मुडदूसाचा अभ्यास केला. त्यांना आढळलं ते त्या काळच्या समजुतीच्या उलट होतं. ज्यांच्या घरी दूधतूप होतं, पण ज्यांच्या बायका-मुलं पडद्याआड, वाड्यात कोंडलेली होती, त्या सधन घरांत हाडांचा हा आजार दिसत होता. आणि ज्यांना धड अन्न मिळत नव्हतं, पण जे दिवसभर उघड्यावर राबत होते, त्या गरीब, खालच्या गणलेल्या जातींत तो दिसत नव्हता.

मित्रहो, ही माहिती ऐकून हुरळून जायचं कारण नाही. आपले आजे-पणजे उन्हात राबले ते हौसेनं नव्हे. सावलीत कुणी बसायचं आणि उन्हात कुणी खपायचं, हे जातीनं ठरवून ठेवलं होतं. हाडं टणक राहिली, पण त्याच अंगानं भूक सोसली, क्षय सोसला, उष्माघात सोसला. बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं, आपण शिकलो, आणि वावरातून शाळेत, कचेरीत, बँकेत, दवाखान्यात आलो. ही सावली आपण कष्टानं मिळवलेली आहे. ती सोडून पुन्हा निंदणाला जा, असं कुणी म्हणत नाही. फक्त एवढंच, की पूर्वी ऊन सक्तीनं मिळत होतं, ते आता समजून-उमजून घ्यावं लागेल.

कारण सावलीत आलेल्या साऱ्या समाजाचं काय झालं तेही बघा. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टरांनी ११३७ तरुण, निरोगी स्त्री-पुरुषांचं रक्त तपासलं. २०११ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. शंभरातल्या सत्तर जणांत ड २० नॅनोग्रॅमच्या खाली होतं. ही आजारी माणसं नव्हती. आणि आपल्या विदर्भात तर ऊन इतकं की ते टाळण्यातच उन्हाळा जातो. तोंडाला दुपट्टा, हातात मोजे, खिडकीला पडदा, घरात कूलर. ऊन भरपूर आहे, पण ते कातडीपर्यंत पोचतच नाही.

पोट सुटणं ही नुसती दिसण्याची बाब नाही

आता पोटाकडे वळू. आपल्याकडे पोट सुटलं की लोक म्हणतात, "खात्यापित्या घरचा दिसतो." ज्या घरांनी पिढ्यान् पिढ्या उपासमार पाहिली, तिथं असं वाटणं स्वाभाविक आहे. पण पोटावरची चरबी म्हणजे नुसता साठा नव्हे.

आपल्या जिल्ह्याला समजेल असं उदाहरण देतो. कापसाचा हंगाम आहे, खरेदी केंद्राचं गोदाम भरलं. गाड्या येतच आहेत. मग कापूस कुठं ठेवतात? आवारात, रस्त्याच्या कडेला, जागा मिळेल तिथं. शरीरातही तसंच होतं. कातडीखाली चरबी ठेवायची एक ठरावीक जागा असते. ती भरली की चरबी पोटाच्या आत, आतड्यांभोवती, यकृतात, स्नायूंत साठू लागते. ही चरबी जिथं असायला नको तिथं असते, म्हणून ती कामात अडथळा आणते. इन्सुलिन रक्तात असतं, पण पेशी त्याला दाद देत नाहीत. साखर रक्तात तुंबते. रक्तातली ट्रायग्लिसेराइड ही चरबी वाढते, चांगलं कोलेस्टेरॉल घटतं, रक्तदाब चढतो. या साऱ्याला मिळून चयापचयाचं आरोग्य बिघडणं म्हणतात.

त्याच्या पाच खुणा लिहून ठेवाव्यात. कंबर पुरुषाची ९० सेंटिमीटर आणि स्त्रीची ८० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त. ट्रायग्लिसेराइड १५० किंवा जास्त. चांगलं कोलेस्टेरॉल पुरुषात ४० च्या खाली, स्त्रीत ५० च्या खाली. रक्तदाब १३०/८५ किंवा जास्त. उपाशीपोटी साखर १०० किंवा जास्त. पाचातल्या कोणत्याही तीन असतील तर समजायचं, आतून घर पोखरायला सुरुवात झाली.

तुम्ही म्हणाल, हे जाड माणसांचं झालं, आम्ही तर किडकिडीत. इथंच पुण्यातलं एक मोठं संशोधन लक्षात घ्यायला हवं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील शेतकरी कुटुंबांतल्या गरोदर मातांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं सगळ्याच बाबतीत लहान असतील असं वाटलं होतं. पण स्नायू कमी आणि त्या मानानं चरबी मात्र टिकून राहिलेली, असं चित्र दिसलं. म्हणजे आईच्या पोटातूनच आपण बारीक दिसणारे पण चरबी बाळगणारे म्हणून जन्माला येतो.

२००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधील सहकारी डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी काढलेला फोटो छापून आला. उंचीच्या मानानं वजनाचा जो निर्देशांक काढतात, तो दोघांचाही २२.३, अगदी सारखा. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! काट्यावर सारखे, आतून दुप्पट फरक. म्हणूनच भारतीयांसाठी लठ्ठपणाची रेषा खाली आणली आहे. आपल्याकडे तो निर्देशांक २३ झाला की वजन जास्त आणि २५ झाला की लठ्ठपणा धरतात. आणि काट्यापेक्षा टेपवर भरवसा ठेवावा, हे उत्तम.

टेपचीही एक गंमत आहे. पुरुष मंडळी म्हणतात, "माझ्या पँटचा नंबर तर तोच आहे." पँट पोटाखाली बांधली की नंबर तोच राहणार! कंबर मोजायची ती शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत २०११ साली महाराष्ट्रातल्या प्रौढांत मधुमेहाचं प्रमाण ८.४ टक्के निघालं होतं. २०२३ साली साऱ्या देशाचा आकडा आला तो ११.४ टक्के, आणि आणखी १५.३ टक्के लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर. हा आजार काय करतो हे आपल्या समाजाला वेगळं सांगायला नको. बाबासाहेबांनाही मधुमेह होता. पायांच्या नसांच्या वेदनांनी त्यांच्या रात्री जात. अशा शरीरानं त्यांनी घटनेचं काम केलं आणि धम्माचा ग्रंथ लिहून पुरा केला. ते ६५ वर्षांचे असताना आपल्यातून गेले. मधुमेह काही फक्त पोट सुटलेल्यालाच होतो असं नाही, तो अनेक कारणांनी होतो. पण जो टाळता येतो तो आपण का ओढवून घ्यायचा?

लठ्ठ माणसात ड कमी का होतं?

आता दोन्ही धागे जोडू. ड हे तेलात विरघळणारं जीवनसत्त्व आहे. एक चमचा मीठ तांब्याभर पाण्यात टाकलं तर पाणी खारट लागतं. तेच घागरभर पाण्यात टाकलं तर चव लागत नाही. मीठ तेवढंच, भांडं मोठं. लठ्ठ शरीरात ड असंच पसरून जातं, आणि बराचसा भाग चरबीत जाऊन बसतो.

अमेरिकेत बोस्टन येथील शास्त्रज्ञांनी २००० साली याचा पुरावा दिला. लठ्ठ आणि सडपातळ अशा दोन्ही प्रकारच्या माणसांना त्यांनी सारख्या प्रमाणात कृत्रिम ऊन दिलं. दोघांच्या कातडीत कच्चा माल सारखाच होता. पण एका दिवसानंतर लठ्ठ माणसांच्या रक्तात ड ची वाढ ५७ टक्क्यांनी कमी भरली. म्हणजे कारखाना ठीक चालतो, माल रस्त्यातच अडतो.

मग पुढचा प्रश्न. वजन आधी की ड ची कमतरता आधी? कोंबडी आधी की अंडं, अशातला हा प्रकार. २०१३ साली हजारो लोकांच्या जनुकांचा अभ्यास करून त्याचा उलगडा करण्यात आला. ज्यांच्यात जन्मतःच वजन वाढवणारी जनुकं होती त्यांचं ड कमी आढळलं. वजनाचा निर्देशांक १० टक्के वाढला तर ड सुमारे ४ टक्क्यांनी घटतं, असा हिशेब निघाला. उलट ज्यांच्यात ड कमी ठेवणारी जनुकं होती, ती माणसं त्यामुळं लठ्ठ झालेली दिसली नाहीत. बैल पुढं आणि बंडी मागं, हे त्यातून स्पष्ट झालं. वजन पुढं चालतं, ड मागं घसरतं.

मग ड घेतल्यानं मधुमेह टळतो का?

याचीही कसून परीक्षा झाली आहे. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या २४२३ जणांना दोन गटांत विभागलं. त्यांत बहुसंख्य वजन जास्त असलेलेच होते. एका गटाला रोज ४००० युनिट ड, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. सरासरी अडीच वर्षं पाहिलं. २०१९ साली निकाल आला. ड घेणाऱ्यांत मधुमेह किंचित कमी झाला, पण तो फरक योगायोगानंही पडू शकेल इतका लहान होता. त्याच सुमारास २५ हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या दुसऱ्या मोठ्या प्रयोगात रोज २००० युनिट ड देऊन हृदयविकार किंवा कर्करोगाचं प्रमाण घटलेलं दिसलं नाही.

२०२३ साली अशा तीन प्रयोगांची आकडेवारी एकत्र केली तेव्हा उंबरठ्यावरच्या माणसांना थोडा फायदा दिसला. तीन वर्षांत शंभरातल्या सुमारे तीन जणांचा मधुमेह टळला. म्हणून अशा माणसांना आहार-व्यायामाच्या जोडीला ड देण्याचा विचार करावा, असं २०२४ मध्ये अमेरिकेतील अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांच्या संस्थेनं सुचवलं आहे. जोडीला, हा शब्द लक्षात ठेवा. ऐवजी नव्हे. याच तज्ज्ञांनी असंही सांगितलं आहे की नुसतं लठ्ठ आहे म्हणून सरसकट प्रत्येकाची ड ची तपासणी करण्याची गरज नाही.

आता याच्या शेजारी आपल्या देशातला एक प्रयोग ठेवू. चेन्नईचे डॉ. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांवर तीन वर्षं काम केलं. त्यातल्या एका गटाला फक्त चालायला सांगितलं, आहाराचा सल्ला दिला आणि त्याचा पाठपुरावा केला. २००६ साली निष्कर्ष आला. काही न करणाऱ्या गटात शंभरातल्या ५५ जणांना मधुमेह झाला, चालणाऱ्या गटात ३९ जणांना. म्हणजे शंभरातले सोळा वाचले. पुडीनं तीन, पायांनी सोळा! प्रयोग वेगळे, माणसं वेगळी, हे मान्य. पण फरक केवढा आहे बघा. आणि पायांना मेडिकल स्टोअरमधे जावं लागत नाही.

मग ड निरुपयोगी का? मुळीच नाही. हाडांसाठी आणि स्नायूंसाठी ते हवंच. मांड्यांत ताकद नसेल तर माणूस चालणार कसा? दुखऱ्या अंगाची बाई घरात बसते, बसल्यानं वजन वाढतं, वजनानं ड आणखी घसरतं. हे चक्र तोडायला ड ची मदत होते. फक्त त्याचं काम त्याला करू द्यावं, दुसऱ्याचं काम त्याच्या गळ्यात घालू नये.

पुडीबद्दल सावधगिरीचा इशारा

आपल्याकडे ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल मिळते. कमतरता असेल तर साधारणपणे आठवड्याला एक, अशी आठ आठवडे देतात. नंतर डॉक्टर प्रमाण कमी करतात. पण होतं काय, पुडी घेतली, बरं वाटलं, मग चिठ्ठी न दाखवता घेत राहायचं. कुणी रोज घेतं, कुणी शेजारणीला देतं, "अशक्तपणावर लई चांगली हाय" म्हणून. ध्यानात घ्या, ब किंवा क जीवनसत्त्व जास्त झालं तर बरंचसं लघवीवाटे जातं. ड तसं जात नाही, ते साठतं. अति झालं तर रक्तात कॅल्शियम वाढतं. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान, सारखी लघवी, भ्रम, आणि शेवटी मूत्रपिंडावर घाला. निरोगी प्रौढाची रोजची गरज ६०० युनिटची आहे, आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय रोज ४००० च्या वर जाऊ नये. लठ्ठ माणसात कमतरता भरून काढायला दोन-तीन पट मात्रा लागू शकते हे खरं, पण ती किती आणि किती दिवस, हे डॉक्टरांनी ठरवायचं. मुतखडा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय पुडीला हातही लावू नये.

ऊन केव्हा घ्यायचं?

आपल्याकडे कोवळ्या उन्हाचं फार कौतुक. सकाळी सात वाजता ओट्यावर बसलं की ड मिळतं, असं सगळे सांगतात. कोवळं ऊन अंगाला सुखावतं, पण त्यात ड बनवणारे किरण फारसे नसतात. सूर्य वर चढल्याशिवाय ते आपल्यापर्यंत पोचत नाहीत. याचं घड्याळ प्रत्येकाजवळ आहे. ते म्हणजे आपली सावली. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ड बनायला सुरुवात. लांब असेल तर नाही.

कळंबच्या आकाशाचा हिशेब करू. मे महिन्यात सकाळी नऊच्या सुमारासच सावली उंचीएवढी होते. मेच्या उत्तरार्धात तर एके दिवशी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि सावली पायाखालीच नाहीशी होते. म्हणून उन्हाळ्यात नऊ ते दहाच्या दरम्यान पंधरा-वीस मिनिटं पुरेत. भर दुपारी मुळीच जाऊ नका. विदर्भातली लू माणसं मारते, ड च्या नावाखाली उष्माघात घेऊ नका. याउलट डिसेंबरात भर बारा वाजताही सावली जवळजवळ आपल्या उंचीएवढीच असते. तेव्हा हिवाळ्यात अकरा ते दोनच्या मधे अर्धा तास बसावं. हात, पाय, चेहरा, जमल्यास पाठ उघडी असावी. सावळ्या कातडीला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ लागतो. बंद काचेतून आलेलं ऊन कामाचं नाही, काच हे किरण अडवते.

बायकांना ही मोकळीक कुठं आहे, असं काही भगिनी म्हणतील, आणि ते खरं आहे. पुरुष पाठ उघडी टाकून ओट्यावर बसला तर कुणी बघत नाही. म्हणून गच्चीवर, परसात, आडोशाला बायकांसाठी हिवाळ्यातला अर्धा तास राखून ठेवणं ही घरच्यांची जबाबदारी आहे. त्या अर्ध्या तासात तूर निवडायला देऊ नका म्हणजे झालं! आणि निवडत असल्या तरी उन्हात निवडू द्या.

आहार आणि चालणं

अन्नातून ड थोडंच मिळतं. अंड्याच्या पिवळ्या भागात, मासळीत ते असतं. काही दुधाच्या आणि तेलाच्या पाकिटांवर अधिकचं चिन्ह आणि त्याला लागून 'एफ' हे अक्षर असतं, त्यात अ आणि ड वरून घातलेलं असतं. ड ला काम करायला कॅल्शियम लागतं. त्यासाठी दूध, ताक, तीळ, शेवग्याचा पाला, अंबाडीसारख्या पालेभाज्या घ्याव्यात.

खरी अडचण ताटात काय आहे याची कमी आणि ताटाबाहेर काय आहे याची जास्त आहे. चौकातले तर्री पोहे, भजी, शेव-चिवडा, दिवसातून पाच वेळा गोड चहा, लग्नातली बुंदी, वाढदिवसाचा केक. ज्वारीची भाकर मागं पडली, मैद्याची बिस्किटं पुढं आली. डाळ, उसळ, अंडी वाढवा, कारण स्नायू हेच साखर खपवणारं मोठं ठिकाण आहे, आणि आपल्यात जन्मतःच ते कमी आहेत. रोज अर्धा तास, दम लागेल पण बोलता येईल अशा चालीनं चाला. आठवड्यातून दोनदा उठाबशा, जिने, वजन उचलणं. वजन अंगाच्या पाच-सात टक्क्यांनी उतरलं तरी साखर आणि रक्तदाब यांत फरक पडतो. चरबी घटली की तिच्यात अडकलेलं ड ही थोडं सुटतं. एकाच उपायानं दोन्ही साधतात.

तीस वर्षांवरच्या प्रत्येकानं वर्षातून एकदा साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात, इथल्या ग्रामीण रुग्णालयात ही सोय आहे. महागड्या पॅकेजच्या जाहिरातीला भुलू नये.

मात्रा जाणणं

शेवटी एक गोष्ट, जी विहारातच सांगितली पाहिजे. संयुक्त निकायात दोणपाक नावाचं सुत्त आहे. कोसल देशाचा राजा पसेनदी द्रोणभर भात जेवायचा. असाच एकदा भरपेट जेवून, धापा टाकत तो तथागतांकडे आला. तथागतांनी त्याला ना औषध सांगितलं, ना उपास करायला लावला. जेवताना भान ठेवून मात्रा जाणणाऱ्याच्या वेदना कमी होतात आणि म्हातारपण सावकाश येतं, अशा अर्थाची एक गाथा म्हटली. राजानं सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि ताट वाढलं की ती म्हणून दाखवण्याचं काम दिलं. त्याबद्दल रोज शंभर कार्षापण मानधनही बांधून दिलं! राजा हळूहळू नाळीभर भातावर आला. अंग हलकं झालं, तेव्हा अंगावरून हात फिरवून त्यानं तथागतांचे आभार मानले.

या गोष्टीत शरमेचा एक शब्दही नाही, हे आम्हाला फार मोलाचं वाटतं. लठ्ठ माणसाला हसू नका, टोपणनावं ठेवू नका. पोरीचं वजन लग्नाच्या बाजारात तोलू नका. हसण्यानं कुणी बारीक होत नाही, उलट माणूस घराबाहेर पडायचा थांबतो. राजाला वेळेवर आठवण देणारा सोबती मिळाला, तसे आपण एकमेकांचे सुदस्सन होऊ या.

समितीला आमची एक सूचना आहे. विहाराच्या भिंतीला शिंप्याचा एक साधा टेप अडकवून ठेवावा, शेजारी एक वही. दर पौर्णिमेला वंदनेनंतर ज्याला वाटेल त्यानं आपली कंबर मोजून आकडा लिहावा. भगिनींसाठी वही आणि जागा वेगळी ठेवावी. हिवाळ्यातल्या पौर्णिमेचा कार्यक्रम शक्य असेल तर दुपारी अकराला, आवारात, उन्हात घ्यावा. खर्च टेपचा, दहा-वीस रुपये. पुढच्या वर्धापनदिनी त्या वहीतले आकडे किती खाली आले, तेवढं आम्हाला कळवा.



जयभीम! नमो बुद्धाय!